पहिली वेबसाईट दुकानाची नको, आवडीची करा



आपल्या बॅचमध्ये वेबसाईटचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, वेबसाईट केली तर गिऱ्हाईक वाढेल का?" प्रश्न बरोबरच आहे. धंद्यात प्रत्येक रुपयाचा हिशोब लागतो, त्यात लाजायचं काही नाही. पण या आठवड्याच्या व्हिडिओत मी थोडं वेगळं सांगितलंय. पहिली वेबसाईट धंद्यासाठी करूच नका. तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या एखाद्या गोष्टीवर करा. त्यातून काही विकू नका, कोणाला "आजच संपर्क करा" म्हणू नका. नुसती मजा म्हणून करा.

दुकानदारांना शिकवणारा माणूस असं का सांगतोय, आणि ही वेबसाईट करायची कशी, ते इथे सविस्तर लिहितो. चहा घ्या आणि निवांत वाचा.

दुकानाच्या वेबसाईटचं काय होतं

आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराची वेबसाईट बहुतेक वेळा कशी बनते? कोणीतरी ओळखीचा मुलगा किंवा एजन्सी गाठायची, पैसे ठरवायचे, चार फोटो आणि पत्ता व्हॉट्सअॅप करायचा. पंधरा दिवसांत वेबसाईट तयार होते. वर "आमच्याविषयी", खाली "संपर्क", मध्ये कुठल्यातरी परदेशी ऑफिसात हात मिळवणाऱ्या सूटवाल्यांचा फोटो. पहिले दोन दिवस आपण नातेवाइकांना लिंक पाठवतो. मग ती आपणच उघडत नाही. वर्षभराने पैसे भरायचा मेसेज येतो तेव्हा आठवण होते.

यात एजन्सीला दोष देत नाही. खरं कारण असं की त्या वेबसाईटमध्ये आपला हात कुठेच लागलेला नसतो. भाव बदलला तरी दुसऱ्याला फोन करावा लागतो. ती कशी बनते, कुठे ठेवलेली असते, नाव कोणाच्या नावावर आहे, काहीच माहीत नसतं. आणि माहीत करून घ्यायचं धाडसही होत नाही, कारण धंद्याची गोष्ट आहे, काही बिघडलं तर?

आवडीच्या वेबसाईटला ही भीती नसते. बिघडली तर बिघडली. उलट बिघडवून बघायलाच मजा येते. रंग बदलला, अक्षर मोठं केलं, फोटो भलतीकडेच गेला, हसलो आणि परत नीट केला. सायकल शिकताना आपण मोकळ्या मैदानात जातो, ठाणे-बेलापूर रोडवर नाही. तसंच आहे हे.

मराठीतली दोन मोठी उदाहरणं

"आवडीची वेबसाईट" म्हणजे पोरखेळ वाटेल कोणाला. म्हणून दोन खरी उदाहरणं देतो.

पहिलं, "आठवणीतली गाणी". जुनं मराठी गाणं गुणगुणताना पुढची ओळ आठवली नाही की आपण गूगलवर शोधतो, आणि बहुतेक वेळा याच वेबसाईटवर जाऊन पोचतो. भावगीतं, नाट्यगीतं, चित्रपटगीतं, अभंग, लावण्या अशी हजारो गाणी तिथे आहेत. नुसते शब्द नाहीत. गीत कोणाचं, संगीत कोणाचं, आवाज कोणाचा, गाणं कुठल्या नाटकातलं किंवा चित्रपटातलं, हे सगळं नीट मांडलेलं. ही वेबसाईट उभी केली अलका विभास यांनी. कुठली मोठी कंपनी नाही, सरकारी खातं नाही. गाण्यांची ओढ असलेल्या एका व्यक्तीने वर्षानुवर्षं एकेक पान जोडत नेलं आणि आज गाण्याचे शब्द तपासायला लोक तिथे जातात.

दुसरं उदाहरण पुण्याचे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरला शिकलेले इंजिनिअर. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, झाडूच्या काड्या, जुने पेन, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून मुलांना विज्ञान शिकवणारी खेळणी त्यांनी बनवली. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं मुलांबरोबर काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची स्वतःच्या नावाची वेबसाईट आहे. दिसायला अगदी साधी, लिंकच्या लांबच लांब याद्या. पण खेळणं कसं बनवायचं त्याचे एकामागून एक फोटो, व्हिडिओ आणि मुलांची पुस्तकं तिथे फुकट मिळतात. मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. खेड्यातल्या शाळेचा मास्तर असो की शहरातली आई, ज्याला पाहिजे त्याने घ्यावं.

या दोन्ही वेबसाईटमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे चकचकाट नाही, पण माणूस दिसतो. कोणीतरी हे प्रेमाने रचलंय, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पैसे देऊन करून घेतलेल्या वेबसाईटमध्ये सगळं काही आणता येतं, पण ही एक गोष्ट आणता येत नाही.

तुमची वेबसाईट एवढी मोठी व्हायलाच पाहिजे असं नाही. पाच पानांची असली तरी चालेल. सुरुवात सगळ्यांची एका पानानेच होते.

वेब मुळात यासाठीच होतं

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावरून मुद्दा लक्षात येईल.

वेब बनवलं टिम बर्नर्स-ली यांनी, स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत. १९९० मध्ये त्यांनी जो पहिला ब्राऊझर बनवला, त्यात पान वाचताही येत होतं आणि लिहिताही येत होतं. म्हणजे वाचणारा एक आणि लिहिणारा दुसराच, अशी कल्पनाच नव्हती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला फुकट खुलं केलं. कोणाला परवाना नको, कोणाला फी नको.

मग १९९४ च्या सुमारास अमेरिकेत जिओसिटीज नावाची सेवा सुरू झाली. तिथे कोणीही फुकटात आपलं पान करू शकायचं. गंमत म्हणजे ती गावासारखी रचलेली होती. विषयाप्रमाणे वस्त्या पाडलेल्या. सिनेमावाल्यांची वस्ती वेगळी, कॉम्प्युटरवाल्यांची वेगळी. लोकांनी आपल्या मांजरीवर, आवडत्या गायकावर, गावावर, कॉलेजच्या मित्रांवर पानं केली. लुकलुकणारी अक्षरं, भडक रंग, मागे वाजणारं संगीत. डिझाईन शिकलेल्या माणसाच्या डोक्याला झिणझिण्या येतील असं सगळं. पण ते लोकांनी स्वतःच्या हाताने केलेलं होतं.

१९९९ मध्ये याहू कंपनीने जिओसिटीज साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली. आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद करून टाकली. लाखो पानं एका दिवसात गेली. काही हौशी लोकांनी धावपळ करून जमेल तेवढी पानं उतरवून ठेवली म्हणून त्यातला मोठा भाग वाचला. ज्यांच्याकडे स्वतःच्या पानाची कॉपी नव्हती आणि ज्यांचं पान कोणी उतरवलं नाही, त्यांचं सगळं गेलं.

ही गोष्ट पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

भाड्याचा गाळा आणि आपली वही

तुम्ही म्हणाल, आता इन्स्टाग्राम आहे, फेसबुक आहे, यूट्यूब आहे. वेबसाईट कशाला?

मी स्वतः यूट्यूबवर शिकवतो, त्यामुळे या जागा वाईट आहेत असं म्हणणार नाही. लोक तिथे आहेत, म्हणून आपणही तिथे असलं पाहिजे. पण तो भाड्याचा गाळा आहे हे विसरू नका. गाळामालकाने शटर ओढलं की आपण बाहेर.

आठवा, २९ जून २०२०. त्या दिवशी भारत सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली आणि टिकटॉक बंद झालं. निर्णय का झाला तो विषय वेगळा. पण आपल्या महाराष्ट्रातल्या गावागावांतली कितीतरी मुलं-मुली, शेतकरी, घरच्या बाया तिथे व्हिडिओ टाकत होत्या. ज्यांनी व्हिडिओची कॉपी मोबाईलमध्ये ठेवली नव्हती त्यांची मेहनत गेली, आणि जमवलेले लोक तर सगळ्यांचेच गेले. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं होतं. तिशी ओलांडलेल्यांना ऑर्कुटवरचे स्क्रॅप आठवत असतील. आज ते कुठे आहेत?

आता कोणी म्हणेल, वेबसाईटसुद्धा कोणाच्या तरी सर्व्हरवरच असते ना? बरोबर. तीही एका अर्थाने भाड्याचीच जागा. वेबसाईटचं नाव म्हणजे डोमेन, त्याचंही दरवर्षी भाडं भरावं लागतं. मग फरक काय?

फरक असा की वेबसाईट म्हणजे शेवटी एका फोल्डरमधल्या फाईली. तो फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवर असतो, पेनड्राईव्हवर असतो. सर्व्हरवाल्याने सेवा बंद केली तर तोच फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवायचा. अर्ध्या तासात वेबसाईट परत चालू. गाळा बदलला, पण हिशोबाची वही आपल्याच बगलेत आहे. इन्स्टाग्रामचं पान असं उचलून जसंच्या तसं दुसरीकडे नेता येत नाही.

म्हणून माझा पहिला नियम: मूळ फाईल कायम आपल्याकडे. आधी आपल्या फोल्डरमध्ये बदल करायचा, मग वर चढवायचा.

मराठीत पूर्वी किती त्रास होता

आज पान करणं किती सोपं झालंय ते कळण्यासाठी हे माहीत असलेलं बरं.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्या काळात मराठी वेबसाईट वाचायची तर आधी तिचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. फॉन्ट नसेल तर पानावर भलतीसलती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते मराठी नव्हतंच. त्यामुळे शोधलं तरी सापडायचं नाही. डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर व्हॉट्सअॅपला चिकटवल्यावर कचरा दिसतो, त्याचंही कारण हेच.

युनिकोडने हे सुटलं. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत आणि मोबाईलपर्यंत ती नीट पोचायला बरीच वर्षं गेली. आता मोबाईलवर मराठी कीबोर्ड लावून जे टाईप करता, तेच सगळीकडे वाचता येतं. मुक्ता आणि बलू यांसारखे मुंबईच्या एक टाईप या मंडळींनी बनवलेले सुंदर देवनागरी फॉन्ट फुकट वापरता येतात. आणि २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरीतलं डोमेनही मिळतं, म्हणजे वेबसाईटचा पत्तासुद्धा मराठीत असू शकतो.

म्हणजे एवढी तयारी करून ठेवलेली आहे. आपण फक्त लिहायचं बाकी आहे.

आता करायचं कसं

नेमका कोड व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलाय. व्हिडिओ थांबवत थांबवत स्वतः टाईप करा, कॉपी करू नका. हाताला सवय लागली पाहिजे. इथे फक्त पायऱ्या आणि त्यामागचं कारण सांगतो.

१. फोल्डर करा. कॉम्प्युटरवर एक नवीन फोल्डर. त्यात फोटोंसाठी आत आणखी एक फोल्डर. कॉम्प्युटर नसेल तर मुलांचा लॅपटॉप रविवारी दोन तास मागा.

२. नोटपॅडमध्ये पहिली फाईल लिहा. फाईलचं नाव इंडेक्स ठेवायचं आणि पुढे डॉट एचटीएमएल. हेच नाव का? कारण कोणी वेबसाईटचा पत्ता उघडला की सर्व्हर आधी याच नावाची फाईल शोधतो. दुकानाचं पुढचं शटर समजा. फाईलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि मध्ये जागा सोडू नका. सेव्ह करताना एनकोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा. ते नसेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा दिसेल.

३. टॅग समजून घ्या. एचटीएमएल म्हणजे प्रोग्रामिंग नाही. ब्राऊझरला नुसतं सांगायचं असतं की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हा फोटो आहे, ही लिंक आहे. टोकदार कंसात खुणेचं नाव लिहायचं, मग मजकूर, मग तीच खूण तिरकी रेघ लावून बंद करायची. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोखाली चिठ्ठ्या लावतो तसं. शीर्षक, परिच्छेद, फोटो, लिंक आणि यादी एवढ्या पाच खुणा आल्या की पान होतं. खरंच एवढंच.

४. भाषा मराठी आहे हे सांगा. पहिल्याच टॅगमध्ये भाषेचा दोन अक्षरी कोड लिहायचा असतो. मराठीचा कोड एम-आर. हे लिहायचे दोन फायदे आहेत. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडू शकतं. आणि दुसरा फायदा मला फार आवडतो. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, आणि भाषा मराठी सांगितली की आपल्या वळणाचं अक्षर आपोआप येतं. शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला ल स्क्रीनवर दिसला की बरं वाटतं.

५. मोबाईलसाठीची ओळ टाका. ही ओळ वरच्या भागात असते. ती नसेल तर मोबाईलवर पान मुंगीएवढं दिसतं. लोक मोबाईलवरच बघणार आहेत, म्हणून विसरू नका.

६. सजावट सीएसएसमध्ये. रंग, फॉन्ट, रुंदी हे सगळं वेगळ्या सीएसएस फाईलमध्ये. मराठीसाठी एक खास सूचना: दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर जाऊन बसतो. अक्षराच्या उंचीच्या साधारण १.६ ते १.७ पट अंतर चांगलं दिसतं.

७. फोटो बारीक करा. मोबाईलचा एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. पानावर असे दहा टाकले तर उघडणारा माणूस कंटाळून निघून जाईल. फोटो लहान करून २०० केबीच्या आसपास आणा. आणि प्रत्येक फोटोसाठी एका ओळीचं वर्णन लिहा. फोटो उघडला नाही तर ते दिसतं, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना ते ऐकू येतं.

८. आधी घरीच बघा. फाईलवर डबल क्लिक केलं की ती ब्राऊझरमध्ये उघडते. इंटरनेट लागत नाही. बदल करा, सेव्ह करा, पान रिफ्रेश करा. स्वतः लिहिलेली ओळ ब्राऊझरमध्ये शीर्षक होऊन दिसते, त्या क्षणी बॅचमधल्या पन्नाशीच्या काकांचाही चेहरा बघण्यासारखा होतो.

९. वर चढवा. आवडीच्या पानासाठी सुरुवातीला पैसे खर्च करू नका. निओसिटीज नावाची सेवा आहे. जिओसिटीज बंद पडल्यावर तीच मजा परत यावी म्हणून २०१३ मध्ये सुरू झालेली. फुकट खात्यात १ जीबी जागा मिळते आणि साध्या पानांना ती पुरून उरते. फाईली ओढून सोडल्या की वेबसाईट चालू. थोडं जास्त शिकायचं असेल तर गिटहब पेजेस आहे, तेही फुकट. स्वतःचं डोमेन सहा महिन्यांनी घ्या, तेव्हाही वेबसाईट आवडत असेल तर. आणि डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती लागतात ते बघा. ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावावर घ्या.

विषय कुठून आणायचा?

इथे बहुतेक जण अडतात. "सर, माझ्यात असं काय आहे लिहिण्यासारखं?"

आपला दिघाच घ्या. कळवा आणि ऐरोलीच्या मध्ये, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. नवी मुंबईच्या नकाशावर वरच्या टोकाला असलेलं आपलं नाव बाहेरच्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा. इंटरनेटवर दिघा शोधून बघा. अनधिकृत इमारतींच्या बातम्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती मिळतील. इथे राहणारा माणूस काय खातो, कुठल्या गावाहून आला, कुठला सण कसा करतो, यातलं फारसं काही मिळणार नाही. ते बाहेरचा माणूस येऊन लिहिणारही नाही.

मी स्वतः जी वेबसाईट केलीय ती दुकानांच्या पाट्यांवर आहे. हाताने रंगवलेल्या पाट्या. ठाणे-बेलापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत अजून काही आहेत. अक्षराला मागून दिलेली सावली, मालकाच्या नावाआधीचं "प्रो.प्रा.", कोपऱ्यात पेंटरची बारीक सही. फ्लेक्स आल्यापासून हे काम कमी कमी होत गेलं. मग राज्य सरकारने २०२२ मध्ये कायदा बदलून सगळ्याच दुकानांना ठळक मराठी पाटी सक्तीची केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. निर्णय चांगलाच, मराठी दिसायला लागली. पण घाईत पाटी बदलायची तर कोण पेंटर शोधत बसणार? फ्लेक्सच लागणार. म्हणून मी स्कूटर थांबवून फोटो काढायला लागलो. प्रत्येक पाटीचं एक पान: फोटो, दुकान कशाचं, पाटी साधारण किती जुनी, आणि मालकाने परवानगी दिली असेल तर ती कोणी रंगवली त्याची दोन ओळींची हकिकत.

यातल्या काही पाट्या आता जागेवर नाहीत. पानावर आहेत. म्हणून हे काम मला नुसता टाईमपास वाटत नाही.

तुमचा विषय तुमच्या रोजच्या बोलण्यातच असेल. खालच्यातलं काय जुळतं बघा:

- आईच्या हातच्या दहा भाज्या, तिच्याच शब्दांत, तिच्याच मापाने. "मूठभर" म्हणाली तर मूठभरच लिहा.
- तुमच्या गावच्या जत्रेची माहिती: देव कुठला, पालखी कधी, नैवेद्य काय.
- आजोबांच्या कामाची हत्यारं, प्रत्येकाचं नाव आणि उपयोग.
- तुमच्या भागातल्या झाडांचे, पक्ष्यांचे फोटो.
- तुम्ही वाचलेली पुस्तकं, चढलेले किल्ले, जमवलेली नाणी.
- बोलीतले शब्द. मालवणी, अहिराणी, आगरी, वऱ्हाडी, जी घरात बोलता ती.

दिघ्यात महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून आलेली माणसं आहेत. प्रत्येकाच्या घरात असं काहीतरी आहे जे फक्त तोंडी चाललंय. तोंडी चाललेलं एका पिढीत संपतं.

मजा टिकवायचे काही नियम

व्यापाऱ्याची सवय आहे आपल्याला. कशालाही मोजायला जातो. म्हणून हे नियम आधीच ठरवून घ्या.

किती लोक आले ते मोजू नका. आकडा लावला की मन आकड्याकडे जातं. मग जे आवडतं ते सोडून जे चालतं ते करायला लागतो. तो धंदा झाला, आणि धंदा आपल्याकडे आधीच एक आहे.

जाहिराती लावू नका. महिन्याला चार रुपये येणार आणि पान मात्र बाजारासारखं दिसणार.

अर्धवट असलं तरी वर चढवा. छापलेलं पत्रक परत बदलता येत नाही, पान बदलता येतं. आज एक परिच्छेद, पुढच्या आठवड्यात दुसरा.

दुसऱ्याचा मान राखा. कोणाचा फोटो, नाव, फोन नंबर विचारल्याशिवाय टाकू नका. स्वतःच्या घराचा पत्ता आणि मुलांच्या शाळेचं नावही टाकू नका. दुसऱ्याचं लेखन, फोटो, गाणं उचलून आपलं म्हणून लावू नका.

दुसऱ्यांच्या आवडीच्या वेबसाईटला लिंक द्या. एका पानावर "मला आवडलेल्या जागा" अशी यादी करा. पूर्वी लोक असेच एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरायचे. शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक पाठवण्यासारखं आहे, त्याने आपलं काही कमी होत नाही.

महिन्यातून एकदा फोल्डरची कॉपी पेनड्राईव्हवर घ्या. कारण वर सांगितलंय.

मग दुकानाला काय फायदा?

मला माहितीये, हा प्रश्न राहिलाच आहे. तर सरळ सांगतो.

थेट फायदा शून्य. माझ्या पाट्यांच्या वेबसाईटमुळे दुकानात एकही झेरॉक्स जास्त निघालेली नाही, आणि निघावी अशी अपेक्षाही नाही.

पण दोन गोष्टी होतात. एक, दोन-तीन महिने हे केलं की डोमेन, होस्टिंग, फोटोचं वजन, मोबाईलवर पान कसं दिसतं, हे सगळं तुम्हाला हाताने कळलेलं असतं. मग दुकानाची वेबसाईट स्वतः करा किंवा कोणाकडून करून घ्या, कोणी तुम्हाला फसवू शकत नाही. "सर, सर्व्हरचे पैसे वेगळे लागतील" असं कोणी म्हणालं तर कशाचे आणि किती, हे तुम्ही विचारू शकता. डोमेन कोणाच्या नावावर घेतलंय हेही विचारू शकता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दुकानात दिवसभर आपण दुसऱ्याला काय पाहिजे तेच बघत असतो. गिऱ्हाईकाला काय पाहिजे, होलसेलवाल्याला काय पाहिजे, हप्तेवाल्याला काय पाहिजे. रात्री शटर ओढल्यावर अर्धा तास स्वतःला जे पाहिजे ते करायला एक कोपरा असणं, आणि तो आपण स्वतःच्या हाताने बांधलेला असणं, हे पैशात मोजता येत नाही. मोबाईलवर रील सरकवत बसलो तर तोच अर्धा तास जातो आणि हातात काही राहत नाही. इथे निदान एक पान राहतं.

तर या आठवड्याचं काम देतो. रविवारपर्यंत एकच पान करायचं. वर एक शीर्षक, खाली पाच ओळी, एक फोटो. विषय कुठलाही, फक्त त्यात विकण्यासारखं काही नको. ते चढवलं नाही, नुसतं तुमच्या कॉम्प्युटरवर उघडलं तरी चालेल. पुढच्या व्हिडिओत आपण त्याला दुसरं पान आणि दोन्हींना जोडणारी लिंक लावू.

भेटूया. आणि हो, फाईल सेव्ह करताना यूटीएफ-८ बघायला विसरू नका!